स्थलांतरित, स्थानिक आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्म एका देशात आणि वास्तव्य दुसऱ्या देशात, अशा माणसांची संख्या २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे २८ कोटी १० लाख होती. या माणसांना कोणता कॅन्सर होतो, तो कधी सापडतो आणि सापडल्यावर पुढे काय होतं, यातलं बरंच काही तिथेच जन्मलेल्यांपेक्षा वेगळं असतं. रुग्ण, नातेवाईक आणि आरोग्यसेवेत काम करणारे आम्हाला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. ती सर्वसाधारण आहेत. तुमच्या उपचारांचा निर्णय तुमची फाईल पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

स्थलांतरितांना कॅन्सर जास्त होतो की कमी?

एकूण बेरीज घेतली तर बहुतेक श्रीमंत देशांत कमी. पण या बेरजेवर विसंबू नका, कारण तिच्या पोटात दोन उलट गोष्टी दडलेल्या असतात. गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतून आलेल्यांमध्ये स्तन, मोठं आतडं, प्रोस्टेट आणि त्वचेचा मेलॅनोमा हे कॅन्सर स्थानिकांपेक्षा कमी दिसतात. जठर, लिव्हर, गर्भाशयमुख आणि नाकामागच्या घशाचा कॅन्सर मात्र जास्त दिसतात. पहिला गट संख्येने मोठा आहे, म्हणून बेरीज खाली येते. दुसऱ्या गटातले बरेचसे कॅन्सर जंतुसंसर्गातून येतात आणि त्यातले कित्येक टाळता येतात किंवा लवकर पकडता येतात. म्हणून ‘स्थलांतरितांना कॅन्सर कमी होतो’ हे वाक्य खरं असूनही घातक ठरू शकतं. ते ऐकून डॉक्टरही निर्धास्त होतात आणि रुग्णही.

‘परिणाम’ म्हणजे नेमकं काय मोजतात?

तीन वेगळ्या गोष्टी, आणि बातम्यांमध्ये त्यांची कायम सरमिसळ होते. पहिली, दर लाख लोकांमागे वर्षाला किती नवे रुग्ण सापडले. दुसरी, दर लाख लोकांमागे कॅन्सरने किती जण गेले. तिसरी, निदान झालेल्यांपैकी किती जण ठरावीक काळानंतर, बहुधा पाच वर्षांनंतर, हयात आहेत. पहिले दोन आकडे सगळ्या लोकसंख्येबद्दल बोलतात, तिसरा फक्त रुग्णांबद्दल. स्थलांतरितांचे पहिले दोन आकडे चांगले आणि एखाद्या कॅन्सरमध्ये तिसरा वाईट, असं सहज घडतं.

वयाचाही हिशोब करावा लागतो. स्थलांतरित सरासरीने तरुण असतात आणि कॅन्सर बव्हंशी उतारवयाचा आजार आहे. वय समान करून घेतल्याशिवाय, म्हणजे दोन्ही गटांना एकाच प्रमाणित लोकसंख्येच्या मापाने मोजल्याशिवाय केलेली तुलना निरुपयोगी आहे. ‘आमच्याकडच्या बायकांना स्तनाचा कॅन्सर फार तरुणपणी होतो’ या समजुतीमागेही अंशतः हेच आहे. ज्या समाजात तरुण बायकाच जास्त, तिथे रुग्णांचं सरासरी वयही कमीच निघणार.

पाच वर्षांच्या आकड्यात आणखी एक फसगत आहे. समजा, दोन माणसांना एकाच वेळी, एकसारखाच कॅन्सर सुरू झाला आणि दोघंही ६७व्या वर्षी गेले. एकाचा तपासणीत ६०व्या वर्षी सापडला, दुसऱ्याचा त्रास सुरू झाल्यावर ६३व्या वर्षी. कागदावर पहिला निदानानंतर सात वर्षं जगला आणि दुसरा चार. प्रत्यक्षात कुणीच जास्त जगलं नाही. ज्या गटाची नियमित तपासणी होते, त्याचा आकडा काही अंशी असाच फुगतो. म्हणून शक्य असेल तिथे निदानाच्या वेळचा टप्पा सारखा असलेल्या रुग्णांचीच तुलना करावी आणि सोबत मृत्युदरही पाहावा.

आजारी माणूस देश सोडत नाही, म्हणून स्थलांतरित निरोगी दिसतात का?

हो, हा एक मोठा भाग आहे. परक्या देशात जायला ताकद लागते, पुष्कळदा वैद्यकीय तपासणीही पार करावी लागते, त्यामुळे आलेला गट मुळातच निवडलेला असतो. हा फायदा वर्षागणिक विरत जातो. निर्वासितांमध्ये तो मुळात कमी असतो, कारण त्यांनी जाणं निवडलेलं नसतं. कामासाठी आलेले, लग्न होऊन आलेले आणि जीव वाचवून आलेले या सगळ्यांना एका रकान्यात टाकलं की जो आकडा येतो तो कुणालाच लागू पडत नाही.

परत गेलेल्यांचा आकड्यांवर काय परिणाम होतो?

बराच. काही माणसं आजार गंभीर झाल्यावर मायदेशी परततात. समजा, नोंदवहीत १०,००० स्थलांतरित आहेत, त्यातले १,००० परत गेले पण नाव कुणी कमी केलं नाही. दहा वर्षांत उरलेल्या ९,००० पैकी ९० जण कॅन्सरने गेले. खरा दर हजारी १०. कागदावर मात्र ९० भागिले १०,०००, म्हणजे हजारी ९. गेलेल्या हजारांत गंभीर आजारी जास्त असतील तर फरक याहून वाढतो. ते लोक कागदावर अमर असतात: मृत्यूची नोंद इकडे कधीच येत नाही, पण ‘जिवंत’ म्हणून मोजणी चालूच राहते.

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांच्या अभ्यासांना म्हणूनच वजन आहे. तिथे प्रत्येक रहिवाशाला ओळख क्रमांक आहे आणि जन्मदेश, देश सोडल्याची तारीख, कॅन्सरची नोंद आणि मृत्यूचं कारण हे सगळं त्या क्रमांकावर जोडता येतं. स्वीडनची राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी १९५८ पासून चालू आहे. तरीही न कळवता निघून गेलेल्यांची भोकं तिथेही राहतातच.

हे सगळं जनुकांमुळे की राहणीमानामुळे?

या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर स्थलांतरितांनीच दिलं आहे. जपानमध्ये पूर्वी जठराचा कॅन्सर फार आणि मोठ्या आतड्याचा कमी होता, अमेरिकेत बरोबर उलट. विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जपानी लोकांचे आकडे मांडले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू स्थलांतर केलेल्या पिढीतच अमेरिकी पातळीकडे सरकले होते. जठराच्या कॅन्सरचं प्रमाण मात्र त्या पिढीत बरंचसं टिकून होतं आणि तिथे जन्मलेल्या मुलांमध्ये उतरलं. दोन्ही गटांचं रक्त एकच होतं, त्यामुळे हा फरक जनुकांच्या माथी मारता येत नाही.

यातून आणखी एक बारकावा हाती लागतो: काही कॅन्सरचं बीज बालपणात पडतं, काहींचं मोठेपणी. जठराच्या कॅन्सरचं मुख्य कारण असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सहसा लहानपणी शिरतो आणि औषध घेतलं नाही तर आयुष्यभर राहतो. देश बदलला तरी तो सोबत येतो. मेलॅनोमाचंही तसंच. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वयाच्या दहाव्या वर्षाआधी तिथे आलेल्या स्थलांतरितांचा धोका तिथे जन्मलेल्यांइतकाच निघाला, पंधरानंतर आलेल्यांचा सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे कोवळ्या वयातलं ऊन निर्णायक ठरलं. म्हणून डॉक्टरांना फक्त जन्मदेश सांगून भागत नाही. तुम्ही कितव्या वर्षी आलात, हेही तितकंच महत्त्वाचं.

कोणते कॅन्सर सामानासारखे सोबत येतात?

लिव्हरचा कॅन्सर या यादीत सर्वांत वर ठेवावा लागेल. हिपॅटायटिस बीचा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून आला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागण झाली तर ५ टक्क्यांहून कमी लोकांमध्ये. वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही आणि या आजारात लिव्हर आकसण्याआधीच, म्हणजे सिरॉसिस नसतानाही, कॅन्सर होऊ शकतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर स्पष्टपणे घटला. ज्यांच्या लहानपणी ही लस नव्हती आणि ज्यांच्या जन्मदेशात हा विषाणू सर्रास आढळतो, त्यांनी एकदा तरी रक्त तपासून घ्यावं. विषाणू सापडला तर दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी लागते का, हे वय, मूळ प्रदेश, घरातला इतिहास आणि लिव्हरची अवस्था पाहून ठरतं.

बाकीचे थोडक्यात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या शारीरिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो आणि जिथे तपासणीची व्यवस्था नाही अशा देशांतून आलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो. नाकामागच्या घशाचा कॅन्सर दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगडोंग भागात, जास्त आहे. तिथून गेलेल्यांच्या पुढच्या पिढीत तो घटतो, पण स्थानिकांच्या पातळीपर्यंत उतरत नाही. मूत्राशयाचा एक प्रकारचा कॅन्सर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या शिस्टोसोमा या कृमीशी जोडलेला आहे. ईशान्य थायलंडमध्ये लिव्हर फ्लूक या कृमीमुळे पित्तनलिकेचा कॅन्सर होतो. एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर नैर्ऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांतून आलेल्यांमध्ये दिसतो. तोंडाचा कॅन्सर संसर्गाचा नाही, सवयीचा आहे: सुपारी आणि चघळायचा तंबाखू सोबत आले की धोकाही सोबत येतो. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, हे २००४ पासून अधिकृतपणे मान्य झालेलं आहे.

निदान उशिरा होतं असं म्हणतात. का होतं?

आम्हाला या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण बाकीचे बरेच फरक समजून घ्यायचे असतात आणि हा बदलता येतो. उशिराची किंमत किती, ते पाहा. अमेरिकेतल्या आकडेवारीत स्तनाचा कॅन्सर स्तनापुरताच असताना सापडला तर पाच वर्षं जगण्याचं सापेक्ष प्रमाण, म्हणजे कॅन्सर नसलेल्या तशाच लोकांच्या तुलनेत, ९९ टक्क्यांच्या आसपास आहे. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ३० टक्क्यांच्या आसपास.

उशीर एका जागी होत नाही, झिरपत जातो. कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर नसतो. काम सोडून दुपारी दवाखान्यात गेलं तर त्या दिवसाचा पगार जातो. लक्षण वयाच्या किंवा कामाच्या खात्यावर टाकलं जातं. कागदपत्रं अपुरी असतील तर भीती असते.

आणि एक कारण डॉक्टरांच्या बाजूचं आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात आपल्या देशात काय सामान्य आणि काय दुर्मीळ याचा नकाशा असतो. जिथे जठराचा कॅन्सर दुर्मीळ, तिथे ४५ वर्षांच्या माणसाची ‘पोटात जळजळ’ आम्लपित्ताच्या गोळीवर जाते. गोळीने दोन महिने बरं वाटतं, कारण ती अल्सर झालेल्या कॅन्सरचं दुखणंही काही काळ दाबू शकते. मग पुन्हा तीच गोळी, जरा मोठ्या डोसची. हाच माणूस जठराचा कॅन्सर जास्त असलेल्या देशात असता, तर पहिल्या-दुसऱ्या भेटीत दुर्बिणीची तपासणी झाली असती.

म्हणून डॉक्टरांना आपणहून एक वाक्य सांगा: ‘माझा जन्म अमुक देशात झाला, मी इतक्या वर्षांचा असताना इथे आलो, आणि माझ्या घरात अमुक नातेवाइकाला अमुक वयात अमुक कॅन्सर झाला होता.’ जमलं तर लिहून न्या. पुढची वाक्यंही नेमकी हवीत. ‘बरं वाटत नाही’ याऐवजी ‘तीन महिन्यांत सहा किलो वजन कमी झालं’, ‘सहा आठवडे झाले, गिळताना अडकतं’, ‘तोंडातला फोड तीन आठवडे भरत नाही’. गोळीने बरं वाटून त्रास परत आला तर ‘परत आला’ हा शब्द वापरा आणि पुढची तपासणी कोणती, ते विचारा.

मुलगा भाषांतर करतो. दुभाषाची खरंच गरज आहे का?

हो, खरंच आहे. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर ५२ वर्षांच्या बाईंना विचारतात, ‘शारीरिक संबंधानंतर रक्त जातं का?’ मधे विशीतला मुलगा बसलेला आहे. तो आईला विचारतो, ‘पाळीचा काही त्रास आहे का?’ आई म्हणते, ‘पाळी तर केव्हाच गेली.’ तो डॉक्टरांना सांगतो, ‘नाही, काही नाही.’ कुणीच खोटं बोललं नाही, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं सर्वांत मोलाचं लक्षण खोलीतच हरवलं.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने तर कित्येकांचा घात केला आहे. ‘बायोप्सी पॉझिटिव्ह’ म्हणजे तुकड्यात कॅन्सर सापडला, पण ते ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘कॅन्सर’ शब्द टाळून नातेवाईक ‘गाठ’ किंवा ‘इन्फेक्शन’ म्हणतात, आणि आपण कशावर सही करतोय हे रुग्णाला कळतच नाही. भेट ठरवतानाच भाषा आणि बोली दोन्ही सांगून प्रशिक्षित दुभाषा मागा. स्त्री दुभाषा हवी असेल तर तेही आधीच सांगा. फोनवरचा दुभाषाही चालतो. भेटीच्या शेवटी रुग्णाने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगावं: आजार काय, औषध कसं घ्यायचं, कोणत्या त्रासाला लगेच यायचं. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा, एवढं तरी या परतबोलीत आलंच पाहिजे. लहान मुलांना मात्र या कामात कधीही ओढू नका.

तपासणीचं बोलावणं मला कधी आलंच नाही. असं का?

बोलावणं पत्त्यावर आणि जन्मतारखेवर चालतं. भाड्याची घरं बदलली की पत्र जुन्या दारात पडतं. नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असेल तर एका माणसाच्या दोन फाईली होतात आणि जुना रिपोर्ट दुसऱ्या फाईलमध्ये अडकतो. ज्यांची जन्मतारीख माहीत नव्हती अशा अनेकांच्या कागदांवर १ जानेवारी लिहिलेली असते, वर्षही अंदाजाने टाकलेलं असतं. त्यामुळे खरं वय ५२ आणि कागदावरचं ४६ असेल तर पन्नाशीची तपासणी सुरूच होत नाही. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. पारपत्रावरची तारीख बदलायची गरज नाही, फाईलमध्ये अंदाजे खरं वय लिहून घेता येतं.

पत्राची वाट न पाहता विचारायच्या गोष्टी अशा. गर्भाशयमुखासाठी जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून एचपीव्ही चाचणी दर पाच ते दहा वर्षांनी सुचवते, आणि एचआयव्ही असलेल्या बायकांना २५ पासून, कमी अंतराने. आतून तपासून घ्यायला संकोच किंवा भीती असेल तर नमुना स्वतः घेण्याची सोय आहे का, ते विचारा. ही पद्धत मान्यताप्राप्त आहे. स्तनांसाठी मॅमोग्राफी साधारणपणे ५० ते ६९ या वयात दर दोन वर्षांनी. मोठ्या आतड्यासाठी शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी घरीच करता येते. तिच्या नव्या प्रकाराला खाण्याची पथ्यं लागत नाहीत, कारण ती फक्त मानवी रक्त ओळखते. गर्भाशय काढलेलं असेल तर मुख ठेवलं आहे की काढलं, आणि शस्त्रक्रिया कशासाठी झाली, हे जुन्या कागदांतून शोधा. अनेक जणींना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

ही सगळी व्यवस्था त्रास नसलेल्यांसाठी आहे. गाठ लागली, रक्त गेलं, शौचाची सवय बदलली, तर बोलावण्याची वाट पाहू नका.

उपचार सुरू होण्याआधी स्थलांतरितांनी कोणत्या जास्तीच्या तपासण्या मागाव्यात?

केमो आणि स्टेरॉइड शरीराची पहारेकरी यंत्रणा ढिली करतात, आणि वर्षानुवर्षं झोपलेले जंतू उठतात. त्यामुळे हे चार विषय डॉक्टरांकडे काढाच.

हिपॅटायटिस बी. रक्ताच्या तीन चाचण्या लागतात: विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन, त्याविरुद्धची प्रतिपिंडं, आणि गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं. तिसरी बरेचदा राहून जाते, आणि पूर्वी होऊन गेलेला संसर्ग नेमका तीच दाखवते. रिटुक्सिमॅबसारख्या, काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात त्या औषधांनी असा जुना संसर्गही उसळतो आणि लिव्हर निकामी होऊ शकतं. एंटेकाविर किंवा टेनोफोविर ही विषाणूविरोधी गोळी आधीच सुरू केली तर हे बहुतेक टळतं. रिटुक्सिमॅब थांबल्यावरही ही गोळी किमान १२ महिने चालू ठेवतात. ‘केमो संपली, मग ही कशाला’ म्हणून ती मधेच सोडणं ही नेहमी होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

स्ट्राँगिलॉइडिस. उष्ण प्रदेशातल्या मातीतून, अनवाणी पायांतून शिरणारी ही कृमी शरीरातच पिढ्या वाढवत राहते. देश सोडून ३०-४० वर्षं झाली तरी ती असू शकते. स्टेरॉइड मिळालं की अनावर वाढून आतड्यातले जिवाणू घेऊन रक्तात शिरते आणि जीव घेऊ शकते. उलटी होऊ नये म्हणून केमोसोबत देतात ते डेक्सामेथासोनही स्टेरॉइडच आहे. रक्ताच्या साध्या चाचणीत ही कृमी कळते आणि आयव्हरमेक्टिनने जाते. समशीतोष्ण देशातल्या डॉक्टरांना ती सहज आठवत नाही, म्हणून लहानपण कुठे गेलं ते आवर्जून सांगा.

सुप्त क्षयरोग. लहानपणी घरात कुणाला क्षय होता का, ते सांगा. त्वचेवरच्या चाचणीवर बीसीजी लसीचा परिणाम होऊ शकतो, रक्ताच्या चाचणीवर होत नाही. छातीच्या चित्रात दिसणारा जुना क्षयाचा डाग कॅन्सरसारखा भासू शकतो, आणि उलटही घडतं.

जी-६-पीडीची, म्हणजे लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, कमतरता. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, मध्यपूर्व, दक्षिण आणि आग्नेय आशियातून आलेल्यांमध्ये ती जास्त आढळते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये युरिक आम्ल उतरवायला देतात ते रासब्युरिकेज या लोकांना दिलं तर लाल पेशी फुटतात. चाचणी वेळेत झाली तर दुसरं औषध वापरता येतं.

औषधं आमच्यावर वेगळं काम करतात का?

काही ठिकाणी हो. ॲडेनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात ईजीएफआर जनुकातला बदल पूर्व आशियाई रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत सापडतो, युरोपीय वंशाच्या रुग्णांत १० ते १५ टक्क्यांत. तो असेल तर गोळीचा उपचार मिळू शकतो. म्हणून ‘तुम्ही धूम्रपान करता, मग जनुक चाचणी कशाला’ असं कुणी म्हटलं तरी चाचणीचा आग्रह धरा.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. फ्ल्युओरोयुरॅसिल आणि कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं पचवणारं एन्झाइम काहींमध्ये कमी असतं. त्यासाठीची नेहमीची जनुक चाचणी प्रामुख्याने युरोपीय लोकांत आढळणारे मोजके बदल शोधते. आफ्रिकी वंशात आढळणारा एखादा बदल तिच्यातून निसटू शकतो. चाचणी ठीक आली तरी पहिल्या फेरीत तोंड येणं, जुलाब, ताप यांवर बारीक लक्ष हवं.

वंश हा मात्र ढोबळ अंदाज आहे, निदान नव्हे. स्वतःची चाचणी होऊ शकत असेल तर वंशावरून ठरवू देऊ नका.

एका देशातले उपचार दुसऱ्या देशात चालू ठेवायचे असतील तर काय काय न्यायचं?

डिस्चार्ज कार्डवर भागत नाही. पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, आणि काचेच्या स्लाईड हव्यात, कारण रिपोर्ट हे एका माणसाचं मत असतं आणि ब्लॉक हा खुद्द पुरावा. ब्लॉक न दिल्यास रंग न दिलेल्या दहाएक कोऱ्या स्लाईड मागा. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात किती तास होता, हेही नोंदवून घ्या: स्तनाच्या कॅन्सरमध्ये ६ ते ७२ तासांच्या बाहेर गेल्यास हार्मोन रिसेप्टरचा, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का याचा, निकाल चुकू शकतो, आणि त्या निकालावर पाच ते दहा वर्षांच्या गोळ्या ठरतात.

स्कॅनचे छापील फोटो उपयोगाचे नाहीत. डायकॉम या स्कॅनच्या मूळ डिजिटल स्वरूपातली सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या आणि तिथेच उघडून पाहा. केमोच्या कागदावर प्रत्येक औषधाचं मूळ नाव, प्रत्येक फेरीची तारीख आणि मिलिग्रॅममधला डोस हवा, ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा आयुष्यभराचा एकूण डोस साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरपर्यंतच चालतो, त्यापुढे हृदय कमजोर होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. आधी किती झालं हे माहीत नसेल तर नवे डॉक्टर एकतर चांगलं औषध टाळतील किंवा आंधळेपणाने देतील. रेडिएशनचेही एकूण ग्रे (डोस मोजायचं एकक), किती भागांत दिले आणि शरीराचा कोणता भाग, हे लिहून घ्या. शक्य असेल तर नियोजनाची फाईलही. मॉर्फीनसारखी औषधं सोबत असतील तर डॉक्टरांचं पत्र, मूळ वेष्टण आणि त्या देशाचा नियम आधी पाहणं आवश्यक आहे.

मधे मायदेशी जाऊन यायचं आहे. चालेल का?

तारखा डॉक्टरांसोबत बसवा. बऱ्याच केमोची फेरी २१ दिवसांची असते, आणि पांढऱ्या पेशी सहसा ७व्या ते १४व्या दिवसांत सर्वांत खाली असतात. ते दिवस गर्दीच्या विमानतळावर घालवू नयेत. बरे होण्याच्या हेतूने चाललेलं रेडिएशन मधे थांबवणं तर टाळावंच. घसा आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये खंड पडला की कॅन्सरच्या पेशी पुन्हा वेगाने वाढतात आणि यशाची शक्यता घटते. कॅन्सरमध्ये पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून लांबच्या प्रवासाआधी त्याबद्दलही विचारा.

आमची मुलं इथेच जन्मली. त्यांना कोणता धोका?

मुख्यतः इथल्या स्थानिकांचा. स्तन आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका पुढच्या पिढ्यांत वर सरकतो. अमेरिकेतल्या आशियाई बायकांच्या अभ्यासात तिथे जन्मलेल्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका स्थलांतर करून आलेल्यांपेक्षा जास्त निघाला. दोन गोष्टी मात्र घरातून त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात: हिपॅटायटिस बी आणि हेलिकोबॅक्टर. घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर सर्वांनी रक्त तपासून लस घ्यावी. एचपीव्हीची लस मुलगे आणि मुली दोघांनाही, शक्यतो वयाच्या १५ वर्षांआधी.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेला मेलॅनोमा होत नाही ना?

कमी होतो, पण होतो, आणि उशिरा सापडतो, कारण तो उन्हात नसलेल्या जागी उगवतो: तळपाय, तळहात, नखाखाली. नखावर एकच काळी पट्टी रुंद होत चालली असेल किंवा काळपटपणा नखाबाहेरच्या कातडीवर सरकत असेल तर दाखवा. अंगठ्याला मार लागल्याचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि काही महिन्यांत कापला जातो. जागचा हलत नाही, त्या डागाची बायोप्सी हवी.

कागदपत्रं नाहीत. रुग्णालयात गेलो तर पकडतील का?

नियम देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे सरसकट उत्तर देणं चुकीचं ठरेल. आधी रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठा, स्वागतकक्षापाशी लगेच मागे फिरू नका. त्यांना तीन प्रश्न विचारा: माझी माहिती कुणाला दिली जाते, तातडीच्या उपचारांत काय येतं, आणि निदानापर्यंतचा खर्च कोण उचलतं. उत्तर लेखी मागा. नाव प्रत्येक भेटीत एकाच स्पेलिंगने द्या. दुसऱ्याच्या कार्डावर तपासणी करून घेण्याचा मोह आवरा: रक्तगट, बायोप्सी आणि ॲलर्जी दुसऱ्याच माणसाच्या फाईलमध्ये जातात, आणि पुढच्या वेळी त्या चुकीच्या फाईलवरून तुम्हाला किंवा त्याला रक्त चढवलं जाऊ शकतं.